ॲक्सोलॉटलचा रिव्ह्यू: बाळ म्हणून घेणार असाल तर घेऊ नका

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. प्राणी म्हणून पाचपैकी पाच. घरात पाळायचा प्राणी म्हणून पाचपैकी तीन, तेही वर्षभर पाणी थंड ठेवायची तयारी असेल तरच. आणि तो ज्या पद्धतीने विकला जातो, सोबत जो ‘स्टार्टर किट’ येतो, त्याला एक. शून्य द्यायची सोय नसते म्हणून एक.

ॲक्सोलॉटल आता बहुतेकांना बघून माहीत असतो. २०२१ मध्ये माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये आला आणि तेव्हापासून पोरं मागेच लागलीयेत. पांढरट गुलाबी अंग, रुंद चपटं डोकं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन झुबकेदार कल्ले (पाण्यात श्वास घ्यायचे अवयव), बारीक डोळे, आणि कायम हसतोय असं वाटणारं तोंड. विकणाऱ्याच्या जाहिरातीत होतं, ‘आयुष्यभर बाळ राहणारा प्राणी’. हे वाक्य अर्धं खरं आहे आणि सगळा घोळ त्या अर्ध्या खऱ्यामुळेच होतो, म्हणून रिव्ह्यू जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

तर मुळात हा सॅलमँडर आहे. सॅलमँडर म्हणजे बेडकाचा लांबचा नातेवाईक, उभयचर. नेहमीचा हिशोब असा की अंड्यातून पिल्लू निघतं ते पाण्यात राहतं, त्याला बाहेर लोंबणारे कल्ले असतात, शेपटीला वर-खाली पातळ पडदा असतो पोहायला, पापण्या नसतात. मग एक दिवस थायरॉईडचं हार्मोन वाढतं आणि त्या पिल्लाचं रूपांतरण सुरू होतं, कल्ले आक्रसतात, शेपटीचा पडदा जातो, कातडी जाड होते, पापण्या येतात आणि गडी पाण्याबाहेर पडून जमिनीवर राहायला लागतो. ॲक्सोलॉटलच्या जवळच्या बऱ्याच जाती असंच करतात. ॲक्सोलॉटल हे करतच नाही. तो त्याच पिल्लाच्या शरीरात वाढत वाढत वीस-पंचवीस सेंटिमीटरचा होतो, वर्षभरात वयात येतो, अंडी घालतो, पिल्लं होतात, आणि कल्ले तसेच. आपल्या पूर्वजांची जी लहानपणाची ठेवण होती ती मोठेपणीही राखून ठेवायची, यालाच नियोटेनी म्हणतात. हे नाव १८८०च्या दशकात युलियस कोलमान नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने दिलं.

आता नीट बघा, इथे ‘लहान’ काय राहिलंय? कातडी, कल्ले, शेपूट, डोळे, तोंडाची रचना. जननेंद्रियं लहान राहिलेली नाहीत. भूक लहान नाही. स्वभाव तर अजिबात नाही. हा एकट्याने राहणारा, समोर हललं की गिळणारा शिकारी आहे. त्याला कुरवाळून घ्यायचं नसतं, तुम्ही ऑफिसातून आलात म्हणून त्याला आनंद होत नाही, काचेजवळ येतो तो खायला मिळेल म्हणून. ते हसू पण हसू नाहीये, तोंडाची फटच तशी वर वळलेली आहे, आजारी असतानाही तो तसाच हसतो आणि त्यामुळे आजारी आहे हे कळायला उशीर होतो. (ही एक गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे.)

बरं, आता किटकडे येऊ. किटमध्ये होते रंगीत गोटे, जोराचा फिल्टर, झगझगीत एलईडी, कोरड्या गोळ्यांचा डबा आणि जाळी. यातली एकही वस्तू या प्राण्यासाठी बरोबर नाही, आणि का नाही याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच येतं, की शरीर पिल्लाचं आहे.

गोटे घ्या. जमिनीवरचा सॅलमँडर मोठा झाला की जीभ वापरून भक्ष्य पकडतो. ॲक्सोलॉटलकडे ती सोय नाही, पिल्लाची पद्धत आहे, तोंड झटकन उघडायचं आणि आत पाणी ओढून घ्यायचं, पाण्याबरोबर जे येईल ते पोटात. दात आहेत पण नावाला, चावायचे नाहीत. म्हणजे गांडुळाबरोबर खडापण जातो. खडा आतड्यात अडकला की प्राणी फुगतो, खाणं सोडतो आणि पुष्कळदा मरतो. म्हणून एक तर तळ मोकळा ठेवा नाहीतर अगदी बारीक वाळू, किंवा मग त्याच्या डोक्यापेक्षा मोठे दगड, जे त्याला गिळताच येणार नाहीत. मधल्या साइझचं काही म्हणजे काही नको. हे किट बनवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण रंगीत गोट्यांवर गुलाबी प्राणी फोटोत छान दिसतो ना.

फिल्टर. पाणी स्वच्छ पाहिजेच, किंबहुना माशांपेक्षा जास्त काटेकोर पाहिजे. माशाच्या कल्ल्यांवर झाकण असतं, याचे उघडे लोंबतायत पाण्यात. आणि हा प्राणी श्वास कल्ल्यांनीही घेतो, कातडीनेही घेतो (फुप्फुसंपण आहेत, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, घाबरू नका), म्हणजे पाण्यात जे काही वाईट आहे ते थेट त्याच्या अंगाला भिडणार. त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वस्तीला यावे लागतात आणि ती वस्ती बसायला काही आठवडे जातात. टँक आणि प्राणी एकाच बॉक्समध्ये एकाच दिवशी विकणं म्हणजे हे आठवडे त्याने अमोनियात काढायचे. आधी टँक सायकल करा, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू दे, मग प्राणी आणा. जो विक्रेता हे स्वतःहून सांगतो त्याच्याकडूनच घ्या, जो ‘आज टाका, काही होत नाही’ म्हणतो तिथून निघा.

आणि फिल्टर पाहिजे तो मंद. तळ्याच्या स्थिर पाण्यातला प्राणी आहे, सतत प्रवाह अंगावर आला की कल्ले पुढच्या बाजूला वळायला लागतात, शेपटीचं टोक गुंडाळलं जातं, ही त्याची तक्रार करायची पद्धत. स्पंज फिल्टर सगळ्यात बरा, दिसायला गचाळ दिसतो पण बरा.

लाइट. पापण्याच नाहीत हो. मोठं झाल्यावर येणारी वस्तू आहे ती आणि हा ‘मोठा’ झालाच नाही. तुम्ही त्याच्या डोक्यावर दिवसभर एलईडी लावून ठेवलात तर तो डोळे मिटू शकत नाही, लपायला जागा लागते, पाइपचा तुकडा चालतो, मातीचं भांडं चालतं. माझ्याकडचा दिवसभर पाइपात असतो आणि अंधार पडल्यावर फिरतो, तर ज्यांना पाहुण्यांना दाखवायला प्राणी पाहिजे त्यांनी याचाही विचार करा.

जाळी वापरू नका, कल्ल्यांचे झुबके अडकतात. हलवायचाच असेल तर डब्यात पाण्यासकट घ्या. हातात घेऊन रील बनवणाऱ्यांना माझा नमस्कार, ती कातडी खवल्यांशिवायची, पातळ, ओली आहे आणि सांगाड्यात बराचसा भाग मऊ कूर्चेचा आहे. आपल्या हाताची ऊबच त्याला जास्त होते.

काचेवर टकटक पण नको. पाण्यातली थरथर जाणवणारे अवयव त्याच्या डोक्यावर आणि अंगावर रांगेने असतात, माशांना असतात तसे. जमिनीवर जाणारे सॅलमँडर रूपांतरणात हे गमावतात, याच्याकडे आहेत. आपली टकटक त्याच्या सगळ्या अंगाला लागते.

कोरड्या गोळ्या खातो काही जण, पण गांडूळ सगळ्यात उत्तम. मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. रोज भरवायची हौस असेल तर दुसरा प्राणी बघा. सोबतीला मासे सोडायचे का हे हमखास विचारलं जातं. नाही. लहान मासे याच्या पोटात जातात आणि जरा धीट मासे याचे कल्ले कुरतडतात, कारण त्यांना ते किड्यांचा झुबका वाटतो.

तापमान हा खरा खर्चाचा आणि वैतागाचा भाग. १६ ते १८ अंश सेल्सियस ही आरामाची जागा, वीसपर्यंत ठीक, २४च्या वर सलग राहिलं की खाणं बंद, बुरशी, संसर्ग, सगळं एकामागून एक. याचं कारण कळायला तो मुळात कुठला ते बघायला लागतं. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला शोचिमिल्को आणि चाल्को अशी दोन तळी होती, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर. पाणी थंड, बारमाही. पाण्यात त्याला खाणारे मोठे मासे नव्हते आणि बाहेरची जमीन तुलनेने कोरडी. अशा ठिकाणी पाण्यातून बाहेर पडून काय मिळणार होतं? जो पिल्लाच्या शरीरातच राहून प्रजनन करू शकला त्याचं फावलं, असा तर्क मांडला जातो आणि मला तो पटतो, कारण त्याच कुळातला टायगर सॅलमँडर आजही दोन्ही करतो. काही जातींत तळं कायम भरलेलं असेल तर कल्ले ठेवून तिथेच वयात येतात, तळं आटायला लागलं तर रूपांतरण करून बाहेर. म्हणजे लहान राहायचं की मोठं व्हायचं हा पर्याय या घराण्यात जुनाच आहे, ॲक्सोलॉटलने एक बाजू जवळजवळ कायमची धरली.

तर तुम्ही घरात आणताय तो एका विशिष्ट तळ्याचा, विशिष्ट थंडाव्याचा रहिवासी. खोली गरम राहत असेल तर चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र, घ्या. पंखा लावून एक-दोन अंश उतरतात, बर्फाच्या बाटल्या सोडून तापमान खाली-वर होत राहतं आणि ते त्याला आणखी वाईट. चिलरचा खर्च आणि आवाज दोन्ही झेपत नसेल तर इथेच थांबा, पुढचं नुसतं वाचायला म्हणून वाचा.

पुढचं खरं तर मला जास्त आवडणारं आहे. ॲक्सोलॉटलमध्ये मोठं व्हायची यंत्रणा मोडलेली नाही. थायरॉईड ग्रंथी आहे, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या पेशीही आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीकडून थायरॉईडला जो जोरदार आदेश मिळायला हवा तो मिळत नाही, त्यामुळे हार्मोनची पातळी रूपांतरणापुरती चढतच नाही. बाहेरून हार्मोन दिलं की कल्ले गळतात, पापण्या येतात, हा चालायला लागतो. १९१२ मध्ये गुडेरनाच नावाच्या संशोधकाने बेडकाच्या टॅडपोलना घोड्याची थायरॉईड खायला घातली आणि ते वेळेआधी बेडूक झाले, एवढेएवढेसे. पुढच्या वर्षी लाउफबर्गरने ॲक्सोलॉटलवर तसंच केलं, १९२० मध्ये ज्युलियन हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने केलं तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढा गाजावाजा केला, जणू तारुण्याचं औषध सापडलं. प्रत्यक्षात झालं होतं उलट, तरुण दिसणाऱ्याला त्यांनी म्हातारं केलं होतं.

त्याच्याही आधीची पॅरिसची गोष्ट भारी आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोहून चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले, त्यातले काही ऑग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञांकडे आले. प्राणी हे मोठं झालेलं रूप की पिल्लू यावर वाद होताच, क्युव्हिए या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं आधी पिल्लू असणार असा संशय घेतला होता. १८६५ मध्ये या ॲक्सोलॉटलनी टाकीतच अंडी घातली. झालं, मग पिल्लू कसलं, हा तर मोठा प्राणी! आणि त्याच वर्षी त्या अंड्यांतून निघालेल्यांपैकी काहींचे कल्ले गळाले आणि ते जमिनीवरचे सॅलमँडर झाले. द्युमेरीलची काय अवस्था झाली असेल. आईबाप कल्लेवाले, भावंडं कल्लेवाली, आणि मधूनच दोन-चार जण वेगळाच प्राणी होऊन बसलेले.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की आजही काही विक्रेते आणि हौशी लोक ‘जमिनीवरचा ॲक्सोलॉटल’ बनवून विकतात किंवा बनवायच्या टिप्स देतात. पाण्यात आयोडीन टाका, पाणी हळूहळू कमी करा वगैरे. कृपया करू नका. पाणी कमी करत नेऊन रूपांतरण घडवायचा प्रयोग १८७०च्या दशकात मारी फॉन शोव्हाँ या जर्मन संशोधिकेने अतोनात काळजी घेऊन केला होता, तुमच्या बाथरूममधल्या बादलीत ते जमणार नाही. डोस जरा चुकला की प्राणी मरतो, आणि जगला तरी रूपांतरित झालेले सहसा कमी जगतात. एरवी नीट ठेवलेला ॲक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. हो, दहा-पंधरा वर्षं. मुलाच्या हट्टासाठी घेताय तर मूल कॉलेजात जाईल तेव्हा वॉटर चेंज कोण करणार हे आजच ठरवा.

जाहिरातीतला दुसरा दावा, ‘पाय तुटला तरी परत येतो’. हा खरा आहे आणि थक्क करणारा आहे. पाय, शेपूट, पाठीचा कणा आतल्या मज्जारज्जूसकट, हृदयाचा आणि मेंदूचा काही भागसुद्धा तो परत वाढवतो, जवळजवळ व्रणाशिवाय. म्हणून तर जगभरच्या लॅबमध्ये तो आहे. २०१८ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला तेव्हा तो सुमारे ३२ अब्ज अक्षरांचा निघाला, माणसाच्या दसपट. आता लोक म्हणतात की बाळाचं शरीर आहे म्हणून अवयव उगवतात. इतकं सरळ नाहीये ते. हार्मोन देऊन रूपांतरित केलेल्या ॲक्सोलॉटलचे पाय हळू उगवतात आणि थोडे चुकीचे उगवतात हे दिसलंय, म्हणजे लहान शरीराचा फायदा आहेच. पण पूर्ण मोठे झालेले, रूपांतरण केलेले न्यूटसुद्धा (हेही सॅलमँडरच) पाय उगवतात. तेव्हा सगळं श्रेय नियोटेनीला देऊ नका. आणि मुख्य म्हणजे पाय उगवतो म्हणून तुटू द्यायचा नसतो. लहान पिल्लं एकत्र ठेवली की एकमेकांचे पाय खातात, आणि विक्रेता ‘येईल परत’ म्हणून हसतो.

रंगांबद्दल थोडं. पांढरा-गुलाबी जो सगळ्यांना पाहिजे असतो तो ल्युसिस्टिक, म्हणजे अंगाचा रंग गेलेला पण डोळे काळे राहिलेला. रानातला मूळ रंग गडद, चिखलासारखा करडा-हिरवट, त्यावर ठिपके. मला तोच जास्त आवडतो, फोटोत मात्र चिखलच दिसतो. पॅरिसला गेलेल्या पहिल्या घोळक्यातच एक पांढरा नर होता. सोनेरी अल्बिनोची गंमत अशी की तो अल्बिनो जीन मुळात ॲक्सोलॉटलचा नाहीच, १९६२ मध्ये प्रयोगशाळेत टायगर सॅलमँडरशी संकर करून आणलेला आहे. म्हणजे ‘शुद्ध मेक्सिकन गोल्डन’ असं लेबल दिसलं की विक्रेत्याचा अभ्यास कळतो.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त सतावतो. आपल्याला हा गोड का वाटतो? प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, गोल चेहरा, मोठे डोळे, आखूड हातपाय अशा बाळासारख्या खुणा दिसल्या की माणसात सांभाळायची ओढ जागी होते. ॲक्सोलॉटलचं रुंद डोकं आणि ते तोंड बघून आपली तीच ओढ जागी होते. आणि मग आपण त्याच्याकडून कुत्र्याच्या पिल्लासारख्या वागण्याची अपेक्षा करतो. पण कुत्र्याचं प्रकरण वेगळं आहे ना. कुत्र्यात लहानपणातून टिकलंय ते वागणं, म्हणजे मोठेपणीही खेळणं, लाडात येणं, मागे मागे करणं, लांडग्याची पिल्लं जे करतात आणि मोठे लांडगे कमी करतात. शरीराने कुत्रा लांडग्याचं पिल्लू नाही, ग्रेहाउंड बघा, कुठल्या बाजूने पिल्लू वाटतो? भुवया आतून वर उचलून केविलवाणं बघणं हे तर लहानपणातून उरलेलंही नसावं, २०१९ मध्ये दाखवलं गेलं की भुवई उचलणारा तो स्नायू कुत्र्यांत चांगला वाढलेला आहे आणि लांडग्यांत नीटसा नाही. ती नवीन कमाई. ॲक्सोलॉटलमध्ये नेमकं उलट, शरीर लहानपणाचं आणि वागणं मोठ्या शिकाऱ्याचं. दोन्हीला एकच शब्द लावून एकाच शेल्फवर ठेवलं की गिऱ्हाईक फसणारच.

सोव्हिएत कोल्ह्यांचा प्रयोग पण या संदर्भात फार वापरला जातो. १९५९ मध्ये बेल्यायेव या आनुवंशशास्त्रज्ञाने सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ चंदेरी कोल्ह्यांतले फक्त सगळ्यात कमी बिथरणारे निवडून पैदास सुरू केली, ल्युडमिला त्रुटने ते काम पुढे दशकानुदशकं चालवलं. काही पिढ्यांत शेपट्या हलवणारे कोल्हे झाले, काहींचे कान पडलेले, शेपटी वळलेली, अंगावर पांढरे पट्टे. माणसाळलेपणाबरोबर बाळपण आपोआप येतं, असा निष्कर्ष लगेच सगळीकडे पसरला. कोल्हे माणसाळले हे पक्कं. बाकीच्याबद्दल मात्र जरा दम धरा, कारण ते कोल्हे रानातून आणलेले नव्हतेच, कॅनडात पिढ्यानपिढ्या फरसाठी पाळलेल्या कळपातून आलेले होते आणि त्यातल्या काही खुणा आधीपासूनच तिथे होत्या. हे २०१९ मध्ये नीट मांडलं गेलंय.

माणसाबद्दलही असं बोललं जातं, की आपण म्हणजे मोठं न झालेलं चिंपांझीचं पिल्लू. १९२६ मध्ये लुई बोल्क या डच शरीरशास्त्रज्ञाने हे फार जोरात मांडलं. सपाट चेहरा, गोल कवटी, अंगावर केस कमी, इथपर्यंत ठीक. लांब पाय कुठल्या बाळाचे असतात? आपला मेंदू हळू पिकतो हे खरं, पण एकेक अवयव वेगवेगळ्या घड्याळावर चाललेला असतो आणि ‘माणूस नियोटेनिक आहे’ असं सरसकट म्हणणारा माणूस सहसा काहीतरी विकत असतो. असो, विषयांतर झालं.

आणि लहान राहणं म्हणजे गोड राहणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक. बुरशीवर जगणाऱ्या काही चिमुकल्या माश्यांमध्ये (मासे नव्हे, उडणारे कीटक) अळी अळीच राहून प्रजनन करते, तिच्या पोटात लेकी-अळ्या वाढतात आणि आईलाच आतून खाऊन बाहेर पडतात. इथे शरीर रेंगाळत नाही, प्रजनन घाईने पुढे येतं, ॲक्सोलॉटलच्या उलटं. काजव्यांच्या काही जातींत मादी शेवटपर्यंत अळीसारखीच दिसते, पंख नाहीत, नर उडत तिच्याकडे येतो. यांची सॉफ्ट टॉय कुणी काढत नाही.

परत प्रॉडक्टवर. नर-मादी एकत्र विकतात, ‘जोडी’ म्हणून, तेही पिल्लं असताना, जेव्हा नर कुठला मादी कुठली हे कळतच नाही. वयात आले की नराच्या शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसतो. आणि आपण ‘बाळं’ समजत असतो तोवर टँकमध्ये काही शे अंडी दिसतात, कधी हजारच्या आसपास. मादीला सतत नराजवळ ठेवलं तर ती अंडी घालून घालून थकते. एवढी पिल्लं तुम्ही कुणाला देणार? वेगळ्या टँकमध्ये ठेवायची सोय नसेल तर एकच घ्या, त्याला सोबतीची गरज नाही, तो एकटा मजेत असतो. जास्तीची अंडी ताजी असतानाच, आत काही वाढायच्या आधी, फ्रीजरमध्ये टाकून मग फेकतात, ऐकायला कसंतरी वाटतं पण उपाशी मरणाऱ्या, एकमेकांना खाणाऱ्या शेकडो पिल्लांपेक्षा बरं.

जवळच्या तळ्यात सोडून द्यायचा विचार तर डोक्यातही आणू नका. बाहेरचा प्राणी बाहेरचे आजार घेऊन जातो, उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी अशीच माणसांच्या व्यापारातून जगभर पसरली. आणि ‘मेक्सिकोत सोडा मग’ हाही उपाय नाही, कारण घरचे ॲक्सोलॉटल पिढ्यानपिढ्या टाकीतले आहेत आणि त्यांच्यात टायगर सॅलमँडरचं रक्त मिसळलेलं आहे. रानात मात्र त्यांचे हाल आहेत. चाल्को तळं माणसांनी आटवलं, शोचिमिल्कोचे कालवे उरलेत, तिथे विसाव्या शतकात कार्प आणि तिलापिया सोडले ते अंडी-पिल्लं खातात. मोजणीत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला ६००० च्या आसपास ॲक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. घरोघरी टाक्यांत भरपूर आणि स्वतःच्या तळ्यात जवळजवळ नाही.

त्यामुळे घ्यायचाच असेल तर पैदास करणाऱ्याकडूनच, कागद मागून. ॲक्सोलॉटल सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशांमधल्या व्यापारावर बंधन आहे, आणि तुमच्या भागात पाळायला परवानगी लागते का, नोंदणी लागते का, बंदीच आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडी न विचारता स्वतः तपासा. काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे. पिल्लू निवडताना सात-आठ सेंटिमीटरच्या पुढचंच घ्या, त्याहून लहान नाजूक असतात. कल्ले भरगच्च आहेत का, चारही पाय पूर्ण आहेत का, पोट डोक्याएवढं रुंद आहे का, समोर गांडूळ धरल्यावर झडप घालतो का, एवढं बघा. आणि किट नको म्हणा. टँक, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, टेस्ट किट वेगवेगळं घ्या, प्राणी सगळ्यात शेवटी.